बाभळीला लाह्या

चोवीस डिसेंबरच्या सकाळी मी आमच्या घरमालकांचा ख्रिसमस ट्री घंटागाडीत टाकला. नुसता टाकला नाही. तो आत नीट बसेना म्हणून बुटाने दाबला, आणि गाडीवाल्याने "साहेब, हे नक्की टाकायचंय ना?" असं विचारलं तेव्हा सुका कचरा कशाला म्हणतात हे त्याला दोन मिनिटं उभं करून समजावून सांगितलं.

माझ्या बाजूने सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. तो ख्रिसमस ट्री ख्रिसमस ट्रीसारखा दिसत नव्हता. ती बाभळीची एक वाळकी फांदी होती. पुरुषभर उंच, अंगावर पान नाही, आणि बोटाएवढे लांब पांढरे काटे. दसऱ्यापासून ती फाटकाजवळच्या भिंतीला टेकून उभी होती. येताजाता तिने माझे दोन शर्ट आणि एक ऑफिसची बॅग फाडली होती, आणि एकदा तर डबा ठेवायची पिशवी फाडून आतली पोळी बाहेर काढली होती. त्या घरातला आमचा तो पहिलाच डिसेंबर; अशा वस्तूकडे बघून कुणाला नाताळ आठवेल? यावर बायकोचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या अंगणातल्या वस्तूकडे बघून आपल्याला काही आठवायची गरजच नसते. विचारायचं असतं.

अंगण दुसऱ्याचं होतं हे मात्र खरं.

त्या दुसऱ्याला सगळी गल्ली 'बाबा' म्हणायची. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, कानावर पांढऱ्या केसांचे झुपके असलेला माणूस. चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह सोडायचं काम केलं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही; ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात सणासारखी धावपळ असते. कुठल्या गल्लीला कधी पाणी जाणार, हे रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून, छातीएवढ्या उंच लोखंडी चावीने चाक फिरवणारा माणूस ठरवतो. निदान गल्लीला तसं वाटतं. त्यामुळे बाबांना अर्ध्या शहरात चहा मिळाला होता आणि उरलेल्या अर्ध्यात शिव्या. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती जुनी, वाकलेली चावी मागून घेतली. ती दाराआड उभी असायची, एखादा म्हातारा पाहुणा उभा असावा तशी.

लोक अजूनही विचारायला यायचे. "बाबा, आज येतंय का?" बाबा रस्त्यावर जायचे, गुडघे टेकायचे आणि व्हॉल्व्हच्या झाकणाला कान लावायचे. मागे रिक्षा हॉर्न वाजवतायत, बाबा डोळे मिटून ऐकतायत. मग उठून, गुडघे झटकून सांगायचे, "टाकीतून निघालंय. चढावर हाय. तवर भाजी चिरून घ्या." भाजी चिरून होईपर्यंत नळ फुसफुसायला लागायचा.

आम्हाला वरच्या दोन खोल्या मिळाल्या त्याही कानामुळेच. घर बघायला गेलो तर बाबांनी आमचं नाव-गाव काही विचारलं नाही. नळाकडे बोट करून म्हणाले, "ऐका." मी ऐकलं. काहीच ऐकू येईना. तसं मी सांगितलं. माझी बायको मात्र नळाजवळ वाकली आणि म्हणाली, "लांब कुठंतरी घुमतंय, माठात फुंकल्यासारखं." बाबांनी किल्ली तिच्या हातात दिली. पुढे चार वर्षं मी कुठल्याही कारणाने 'आमचं घर' म्हणालो, की बाबा न चुकता दुरुस्ती करायचे, "घर ताईला दिलंय. तुम्ही त्यांच्यासंगं आलात."

बाबांचं सगळं तत्त्वज्ञान एका चाकात होतं. व्हॉल्व्ह एकदम उघडला की पाण्याचा दणका बसतो आणि पाइप फुटतो. म्हणून एका वेळी पावच फेरा फिरवायचा. थांबायचं. ऐकायचं. मग पुढचा पाव. ते लोणच्याची बरणी तशी उघडायचे. फाटक तसं उघडायचे. पहिल्या पावाला कुत्रं आत यायचं, दुसऱ्या पावाला बाबा बाहेर जायचे. आणि बोलायचेही तसेच. एक वाक्य चार पावांत. सकाळी मी स्कूटरला किक मारताना ते अंगणातून म्हणायचे, "तुमच्या गाडीचं मागचं चाक..." आणि थांबायचे. मला घाई. मी "हो बाबा, बघतो," म्हणून निघायचो. संध्याकाळी मी घामाने थबथबून स्कूटर ढकलत परत आलो की फाटकात बाबा उभे. "...बसलंय," वाक्य पुरं व्हायचं.

बायकोला मात्र त्यांच्याशी बोलता यायचं. ती पायरीवर मेथी निवडत बसायची आणि एका पावापासून दुसऱ्या पावापर्यंत आरामात थांबायची. त्यामुळे बाबांबद्दल तिला सगळं ठाऊक होतं आणि मला फक्त वाक्यांच्या सुरुवाती.

आता माझ्या घाईबद्दल. मी वाळूजच्या एका कारखान्यात कामाच्या जागेची शिस्त शिकवतो. ऐकायला मोठं वाटतं, पण काम सोपं आहे. बिनकामाची वस्तू दिसली की तिला लाल चिठ्ठी बांधायची. तीन दिवस थांबायचं. कुणी 'ही माझी' म्हणून पुढे आलं नाही, तर वस्तू बाहेर. या पद्धतीने मी कारखान्यातून तुटक्या खुर्च्या काढल्या, गंजलेले साचे काढले, आणि एकदा एका साहेबांची चालू सायकल काढली. घरीही एकदा प्रयोग केला. स्वयंपाकघरातल्या पाट्या-वरवंट्याला चिठ्ठी बांधली. बायकोने ती सोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात कुणीतरी हळूच सांगितलं, की सर, ती चिठ्ठी तुमच्या शर्टाला मागे टाचलेली आहे, सकाळपासून.

इतकं होऊनही एकवीस डिसेंबरला मी त्या फांदीला चिठ्ठी बांधली. लालभडक. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: वस्तू – काटेरी फांदी. उपयोग – नाही. तीन दिवसांत मालक पुढे न आल्यास विल्हेवाट.

मालक पुढे आले ना! तासाभरातच आले. पण चष्म्याशिवाय. त्यांना दिसलं ते एवढंच, की भाडेकरूने फांदीला काहीतरी लाल, छान, वाऱ्यावर हलणारं बांधलंय. हात मागे बांधून ते किती तरी वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "झ्याक दिसतंय." आणि थोडं थांबून, "ह्या फांदीचं असंय..."

मला उशीर होत होता. मी म्हणालो, "माझ्या लक्षात आहे, बाबा. तुम्ही काळजी करू नका. मी करतो सगळी व्यवस्था."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं माझ्या स्वच्छतेच्या कामाला अखेर एक माणूस मिळाला. गुणगुणत आत गेले.

तर चोवीस तारखेला मी सगळी व्यवस्था केली. घंटागाडी वळणाआड गेली, मी हात झटकतोय, तेवढ्यात बाबा बादली आणि ओलं फडकं घेऊन बाहेर आले. भिंतीपाशी गेले. भिंतीवर फांदीच्या टेकण्याची एक फिकी रेघ राहिली होती, तिच्याकडे बघत उभे राहिले. जिन्यात बायको येऊन उभी होती.

"फांदी..." बाबा म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या दुसऱ्या पावासाठी थांबलो.

"...कुठंय?"

मी सांगितलं. बायकोने कपाळावर हात मारला तो आवाज खाली आला. बाबा रागावले नाहीत, हीच तर पंचाईत. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. ते पायरीवर बसले, फडकं पिळलं, आणि दसऱ्यापासून जे वाक्य मला सांगायचं राहिलं होतं ते पाव पाव करत सांगायला लागले.

त्यांचं गाव अंबडच्या बाजूला. वडील गावाची शेरडं राखायचे. घर ख्रिस्ती, पण झाड वगैरे कुठलं? एका नाताळाला वडलांनी मिशनच्या बंगल्याच्या खिडकीतून आत बघितलं. आत सजवलेलं हिरवं झाड, वर कापसाचा बर्फ. तसं झाड आपल्याकडे कुठे उगवतं? घरी येऊन त्यांनी शेरडांच्या वाड्याच्या कुपाटीतली, म्हणजे काटेरी कुंपणातली, बाभळीची एक काटेरी फांदी उपसली आणि घरात उभी केली. आईने ज्वारीच्या लाह्या फोडल्या. एकेका काट्यावर एकेक लाही टोचायची. दोरा नको, सुई नको. पहिली लाही थोरल्या मुलीने टोचली, म्हणजे बाबांच्या आक्काने. तेव्हापासून पहिली लाही आक्काची. आता आक्का ऐंशीच्या पुढे, अजून गावातच राहणारी, आणि दोन्ही डोळ्यांनी अधू.

"ती डोळ्यानं न्हाई बघत आता. बोटानं बघती. काटा टोचला, म्हंजी तिचा नाताळ."

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या मुलाने पुण्याहून हौसेने प्लास्टिकचं झाड आणलं होतं. आक्काने पहिल्या लाहीसाठी हात पुढे केला, बोटांना काहीतरी मऊ-मऊ लागलं, आणि ती ओरडली, "आरं, इथं मांजर का बांधलंय?" सगळे हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने परत गेली, आणि पुढचे दोन नाताळ आलीच नाही. गुडघे दुखतात म्हणायची. यंदा दसऱ्याला तिने निरोप धाडला होता, काट्याचं झाड असंल तर येते.

"किती वाजता येतायत?" बायकोने विचारलं.

"चारच्या गाडीनं."

मी स्कूटरवरून घंटागाडीचा पाठलाग केला. पुढच्या चौकात गाठली, पण ती तोवर मोठ्या गाडीत रिकामी झाली होती आणि मोठी गाडी निघून गेली होती. गाडीवाल्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "साहेब, तुम्हीच शिकवलं ना? सुका कचरा. गेला सुक्यात."

शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी औरंगपुऱ्याच्या बाजारात गेलो. गर्दीतून वाट काढत एका दुकानातून प्लास्टिकचं पाच फुटी झाड घेतलं, आणि शेजारच्या दुकानातून टूथपिकच्या सहा डब्या. माझी योजना अशी: प्रत्येक फांदीला टूथपिक चिकटवायच्या. काटा म्हणजे शेवटी काय? एक टोकदार वस्तू. घरी येऊन अंगणात बसून मी गोंदाने चाळीसेक टूथपिक चिकटवल्यासुद्धा. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आक्कांनी हात लावला की काय सांगायचं त्यांना? नाताळ आहे, की जेवण झाल्यावर हॉटेलवाला बिल आणतोय?"

बाबांनी एका टूथपिकला बोट लावलं. ती पडली. तिच्या धक्क्याने शेजारची पडली. मग त्या बाजूच्या सगळ्याच पडल्या. बाबांनी त्या वेचून, मोजून नव्हे, पण फार आदराने, माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "चला."

"कुठे?"

त्यांनी कानाला रुमाल बांधला आणि स्कूटरवर मागे बसले. दुसरा पाव हर्सूलच्या पुढे गेल्यावर आला. "...बाभळीकडं."

तलाव मागे पडला, कारागृहाची भिंत मागे पडली, डोंगराकडे जाणारा एक कच्चा रस्ता लागला. बाभळी होत्या, पण कुणाच्या बांधावर, कुणाच्या कुंपणात, आणि आमच्याकडे कोयता सोडाच, सुरीसुद्धा नव्हती. मी प्रत्येक झाडापाशी स्कूटर हळू करायचो आणि बाबा पाठीवर टकटक करायचे, म्हणजे पुढे. मग एका जागी त्यांनी गाडी बंद करायला लावली. डोळे मिटले. मान थोडी वाकडी केली. मला फक्त वारा ऐकू येत होता.

"उजवीकडं. चढाच्या पल्याड. पंधरा-ईस असतील."

"काय?"

"शेरडं."

चढाच्या पलीकडे खरोखरच शेरडं होती, आणि त्यांची राखण करणारी एक बाई. हातात आकडी, म्हणजे लांब काठीला बांधलेला कोयता. ती बाभळीच्या फांद्या तोडून शेरडांना घालत होती. आम्हाला बघून तिने आकडी खाली टेकवली.

"काय हरवलं का बाबा?"

"सलाम बाई. फांदी हरवली."

"इथं फांद्याच हायत्या. कसली व्हती?"

"बाभळीची. वाळकी. ह्यांनी कचऱ्यात टाकली."

"कोन हे?"

"भाडेकरू."

बाईने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. बाजारात बैल बघतात तसं, पण विकत घ्यायचा विचार नसताना. "शिकलेले दिसत्यात," ती म्हणाली.

बाबांनी तिला लाह्यांची गोष्ट सांगितली. आश्चर्य म्हणजे तिलाही पावापावाने ऐकायची काही घाई नव्हती. मध्येच एखाद्या शेरडाला हाळी द्यायची आणि परत ऐकायची.

"काट्याला लाह्या? मग दिसतं कसं?"

"बाभळीला फुलं आल्यावानी."

"बाभळीला पिवळी येत्यात."

"आमच्या बाभळीला पांढरी."

तिला ते पटलं असावं. तिने उठून आकडीने एक फांदी पाडली. काय फांदी होती! तीन बाजूंना पसरलेली, काटे लांब, सरळ. पण हिरवीगार. पाल्याने भरलेली. बाबांचा चेहरा उतरला. "पाला नको व्हता बाई. पाल्यात आक्काला काटा घावायचा न्हाई. वाळून झडायला दोन म्हैने लागत्यात."

"मी काढतो पाला," मी म्हणालो. चूक माझी होती, हात माझे होते, आणि घड्याळात साडेबारा वाजले होते. मी बसलो. बाभळीचा पाला काढायचा म्हणजे काय ते सांगतो. पान नखाएवढं नसतं, आणि दर पानाच्या बुडाशी दोन काटे पहारा देत असतात. मी एक डहाळी साफ केली तोवर चार बोटांतून रक्त येत होतं आणि अशा डहाळ्या अजून पन्नास-साठ बाकी होत्या. बाई दगडावर बसून तंबाखू मळत बघत होती. तिला खूप दिवसांनी काहीतरी करमणूक मिळाली असावी. पाचव्या बोटाला काटा गेला तेव्हा ती उठली.

"झालं का समाधान? सरका आता."

तिने फांदी उचलली आणि शेरडांपुढे टाकली. "मग ह्या कशाला ठिवल्यात?"

मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो. शेरडं बाभूळ खातात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कसं खातात हे मी कधी थांबून बघितलं नव्हतं. ती ओठ असे पुढे काढतात, काट्याच्या मधून घालतात, पान तेवढं अलगद ओढतात, आणि काट्याला धक्काही लागत नाही. एकमेकांना ढकलत, माना वाकड्या करत, बारा-पंधरा शेरडं आमचा ख्रिसमस ट्री साफ करत होती. बाबा टाचांवर बसून तोंड उघडं टाकून बघत होते. मग हसायला लागले; कुणाकडे बघून ते इतके हसलेले मी कधी पाहिले नव्हते.

मी कारखान्यातल्या सवयीने एका काळ्या शेळीला उरलेल्या बाजूकडे वळवायला गेलो. तिने माझ्या खिशातून डोकावणारा लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला आणि खाऊन टाकला. तीन दिवस वगैरे ती थांबली नाही.

बाईने काही घेतलं नाही. "उरल्या तर लाह्या आना," एवढंच म्हणाली. बाबांनी दोन्ही हात जोडून कबूल केलं. आणि दुसऱ्या दिवशी मला परत पाठवलंही, लाह्या आणि करंज्यांचा डबा घेऊन. तेव्हा तिने डबा घेतला आणि विचारलं, "बोटं बरी हायत का?" आणि मी हो म्हणायच्या आत शेरडांकडे बघून हसली.

परतीचा प्रवास असा: पुढे मी, मागे बाबा, आणि दोघांच्या मध्ये ती फांदी, कारण दुसरीकडे कुठे ती बसेना. मी ब्रेक दाबला की काटे माझ्या पाठीत. सोडला की बाबांच्या छातीत. "पाव फिरवा, पाव," बाबा मागून सांगत होते. हर्सूलपासून घरापर्यंत मी स्कूटर इतक्या हळू आणि इतक्या मऊपणे चालवली की सायकलवाले पुढे जात होते. रहदारीने मात्र फार मान दिला. आमच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट कुणी फिरकलं नाही.

घरी आल्यावर बाबांच्या पुढच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात वाळू भरली, त्यात बाबांची लोखंडी चावी उभी रोवली आणि चावीला फांदी बांधली. बाबा ओलं फडकं आणायला आत वळले, काटे पुसायला. तेवढ्यात फाटकापाशी रिक्षा थांबली. बायको बसस्टँडवरून आक्कांना घेऊन आली होती. पुसायचं राहून गेलं.

आक्का म्हणजे मुठीएवढी बाई. डोक्यावर पदर, हातात काठी, पायात मुलांचे असतात तसले बूट. आत येताच म्हणाल्या, "बारक्या, कुठंय?" सत्तरीतले बाबा "इथंय आक्का," म्हणत धावत पुढे झाले तेव्हा कळलं की बारक्या म्हणजे ते.

आक्कांना फांदीपाशी नेलं. त्यांनी काठी बायकोच्या हातात दिली आणि दोन्ही हात पुढे केले. बोटं हवेत चाचपडली, एका डहाळीला लागली, तिच्यावरून सरकली, आणि थांबली. काटा टोचला होता.

"हां," आक्का म्हणाल्या.

बाबांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. एवढ्यात आक्कांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी बोटं नाकाशी नेली. परत फांदीला लावली, परत नाकाशी.

"बारक्या, ह्याला शेरडाचा वास येतोय."

संपलं, मी मनात म्हणालो. पहिली एसटी किती वाजता असते ते आठवायला लागलो. बाबा आयुष्यात बहिणीशी खोटं बोलले नव्हते. तिथेही बोलले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. चिठ्ठी, घंटागाडी, टूथपिक, शेरडं. आणि पहिल्यांदाच पाव पाव न करता, एका दमात, नळ फुटावा तसं. आक्का ऐकत होत्या. ऐकताना बोटं नाकाशीच होती. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बायको घाबरून पुढे झाली. पण आक्का हसत होत्या. अशा हसत होत्या की पदर तोंडात धरावा लागला.

"आरं, हा बाचा वास हाय! बा कुपाटीतनं फांदी उपसून घरात आनायचा, तवा सगळ्या घराला हाच वास सुटायचा. माय म्हनायची, आधी शेरडं आली, मागनं नाताळ आला. इतकी वर्सं मी म्हनतेय ह्याच्या झाडात कायतरी कमी हाय. तू धुवून धुवून घालवलास की रं बारक्या!"

"शहरात वास येतो म्हनतील लोकं, म्हनून..." बाबा म्हणाले, आणि पुढचा पाव त्यांना सापडला नाही.

"लोकं नळाला पानी आलं का इचारायला येत्यात, वास घ्यायला न्हाई येत," आक्का म्हणाल्या. "लाह्या आन."

बायकोने कढईत ज्वारीच्या लाह्या फोडून परात भरून ठेवली होती. आक्कांनी चाचपून एक उचलली, अंगठ्याने काट्याचं टोक शोधलं आणि लाही टोचली. एवढासा टच्च आवाज झाला. बाबांनी डोळे मिटले. झाकणाला कान लावून पाणी ऐकताना मिटायचे तसेच. मग आम्ही सगळे भिडलो. बायकोच्या हाताला ते लगेच जमलं. माझ्या दहा लाह्यांतल्या सात फुटायच्या, दोन खाली पडायच्या, एक बसायची. बाबा वरच्या डहाळ्या करत होते, आक्का खालच्या; त्यांना न दिसणाऱ्या काट्यांवर त्यांची लाही बरोबर बसत होती. उन्हं उतरायच्या आत फांदी गच्च भरली. दारातून शेवटचं ऊन आत आलं तेव्हा त्या वाकड्या, काटेरी, शेरडांनी चाटलेल्या बाभळीला खरंच पांढरा बहर आला होता. गल्लीतले दोघे-तिघे नेहमीसारखं "बाबा, आज पाणी..." विचारायला आले आणि दारातच थांबले. पाण्याचं विचारायचं विसरून गेले.

आता मी गप्प बसायला हवं होतं. आम्ही ते घर सोडून आता सिडकोत राहायला गेलोय, तरी बायको अजून दर नाताळाला हेच म्हणते, की तुम्ही तिथे गप्प बसायला हवं होतं. पण इतका आनंद बघून माझ्या मनात हळूहळू असा विचार यायला लागला, की हे सगळं घडलं कुणामुळे? ती जुनी, बिनवासाची फांदी टाकली कुणी? मी परातीतली एक लाही तोंडात टाकली आणि म्हणालो, "म्हणजे आक्का, बघा हं, मी ती फांदी टाकली नसती, तर तुम्हाला हा वास..."

"ह्यो कोन?" आक्कांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"भाडेकरू," बाबा म्हणाले.

"टाकनारा?"

"व्हय."

आक्कांनी हात पुढे केला. मी माझा दिला. त्यांनी माझं एकेक बोट चाचपलं, फांदी चाचपावी तसं सावकाश, जिथे काटा गेला होता तिथे थांबत. आशीर्वाद येणार म्हणून मी मान थोडी खाली केली.

"शेरडांनी पाला खाल्ला आन काटा ठिवला," त्या म्हणाल्या. "काय टाकायचं आन काय ठिवायचं, शेरडाला बी कळतं रं बाळा."